लीगमध्ये खेळायला लागल्यापासून पूलची मजा वाढली की गेली?

निळा_खडू

परवा लीगचा सामना जिंकून घरी आलो आणि क्यूची, म्हणजे पूल खेळायच्या काठीची, पिशवी दाराशीच टेकवून झोपलो. टिप पुसली नाही, क्यूवरून फडका फिरवला नाही. सकाळी ती पिशवी तशीच दिसली आणि वाटलं, हे कधीपासून व्हायला लागलं? पूर्वी खेळून आलो की डोळे मिटल्यावरही पांढरा बॉल टेबलाच्या कडेला, कुशनला, लागून फिरताना दिसायचा.

लीगच्या आधी चार वर्षं मी नुसता खेळलो. दोन मित्र, एक टेबल, हरेल त्याने रॅक, म्हणजे बॉलांचा त्रिकोण, लावायचा. कोण किती जिंकलं हे घरी पोहोचेपर्यंत विसरायला व्हायचं, पण एखादा लांबचा कट (कोनातला शॉट) कसा गेला ते महिनाभर लक्षात राहायचं. मग तीन वर्षांपूर्वी एका टीममध्ये एक जागा रिकामी झाली आणि मी गेलो.

आमची लीग अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या पद्धतीची. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये ही सुरू केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एट बॉलमध्ये (आपले सगळे बॉल घालून मग आठचा बॉल घालेल तो जिंकतो) प्रत्येकाला २ ते ७ यातला एक आकडा मिळतो. नवख्या माणसाला लहान, मुरलेल्याला मोठा. एका रात्री टीमचे पाच जण खेळतात आणि त्या पाचांच्या आकड्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये.

आमची पाच जणांची घडी ६, ५, ५, ४, ३ अशी बसली होती. बरोबर २३. त्यातला ४ मी. वर्षभर घाम गाळला, स्टन शॉट (पांढरा धडकेनंतर जागीच थांबवायचा) पक्का केला, सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारी बचावाची खेळी) शिकलो आणि माझा ५ झाला. त्या रात्री मला खूप आनंद व्हायला हवा होता. झालं असं की बेरीज २४ झाली आणि आमच्यातल्या ३ वाल्या मैत्रिणीला बसावं लागलं. तिच्याऐवजी २ असलेलं कुणीतरी आलं. ती काही बोलली नाही. खुर्ची मागे घेऊन बसली आणि सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत राहिली.

पुढच्या आठवड्यात कॅप्टनने मला बाजूला घेतलं. "जिंकायची घाई करू नकोस. प्रत्येक गेममध्ये दोन-तीन इनिंग वाढव. आकडा परत खाली येईल, सगळ्यांचं भलं होईल." (इनिंग म्हणजे दोघांची टेबलावरची एकेक पाळी; जिंकायला जितक्या जास्त लागतील तितका आकडा खाली.)

आणि मी ते केलं. एकाच रात्री, पण केलं. माझा एक बॉल पॉकेटच्या अगदी ओठावर होता, फुंकर मारली तरी गेला असता. मी तो चुकवला. कुणाला कळलं नाही. सामना तरीही मी जिंकलो. तीच ती परवाची रात्र.

तर विचारायचं हे आहे: लीगमुळे खेळाची गोडी अशीच जाते का? की माझ्याच बाबतीत काहीतरी बिनसलंय? जे बरीच वर्षं लीग खेळताहेत आणि जे सोडून बाहेर पडलेत, दोघांनीही लिहा.

---

तिसरी_कुशन

वाचतेय. ओठावरच्या बॉलचं वाचून पोटात खड्डा पडला.

---

स्क्रूबॅक

अकरा वर्षं लीग खेळतोय. माझं मत अगदी उलट आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

मित्रांबरोबर खेळताना मला वाटायचं मी चांगला खेळाडू आहे. अवघड शॉट दिसला की मारायचा, गेला तर आरडाओरडा, नाही गेला तरी काय बिघडतं! लीगच्या पहिल्या सामन्यात समोर एक शांत बाई होत्या. त्यांनी तासाभरात एकही अवघड शॉट मारला नाही. पॉट (बॉल पॉकेटात घालणं) मिळत नसेल तर पांढरा बॉल माझ्याच बॉलच्या आड नेऊन ठेवायच्या आणि खुर्चीत जाऊन बसायच्या. मी वाट्टेल तिथून कुशन मारत सुटायचो, फाउल व्हायचा, बॉल इन हँड, म्हणजे पांढरा हवा तिथे ठेवायची मुभा, त्यांना. मी सपाटून हरलो. पण त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की पॉट करणं हा या खेळाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा मला मित्रांबरोबर दहा वर्षं खेळूनही सापडला नसता, कारण मित्रांमध्ये कुणी सेफ्टी मारली की बाकीचे वैतागतात.

दुसरं, दडपण. घरच्या मैफलीत आठचा बॉल सरळ समोर असला तर तो जातोच. लीगमध्ये स्कोअर बरोबरीत, टीममधले सात जण बघताहेत आणि तोच बॉल. क्यूवरची पकड आपोआप घट्ट होते, मागचा झोका आखूड होतो, बॉल निघायच्या आधीच डोकं वर येतं. हे सगळं स्वतःच्या अंगात घडताना पाहणं आणि मग हळूहळू ते आवरायला शिकणं, हे मला लीगने दिलं. आज तसा बॉल गेला की जो आनंद होतो त्याच्यासमोर हजार आरामाचे पॉट फिके आहेत.

निळा_खडू, तुम्ही जे सांगितलंत ते लीगचं दुखणं नाही. ते तुमच्या कॅप्टनचं आहे.

---

एकटा_टेबल

स्क्रूबॅक, दडपणाचं लिहिलंत ते सोळा आणे खरं. तरीही मी सहा वर्षांनी लीग सोडली, आणि माझ्या कॅप्टनशी माझं काही वाकडं नव्हतं.

एका रात्री मी घड्याळ लावलं. टीमचे पाच सामने, एकामागून एक, एकाच टेबलावर. संध्याकाळी सातला गेलो, साडेदहाला निघालो. माझा स्वतःचा सामना पाऊण तासाचा. त्यातला निम्मा वेळ समोरचा टेबलावर. म्हणजे साडेतीन तासांत माझ्या हातात क्यू साधारण वीस-बावीस मिनिटं. उरलेला वेळ प्लास्टिकच्या खुर्चीत. आणि खुर्चीतून उठून पहिला शॉट मारायचा तो थंड हाताने. आठवड्यातली एकच संध्याकाळ मला खेळायला मिळत होती आणि ती अशी जात होती.

आता मी एकटा स्ट्रेट पूल खेळतो. नियम अगदी साधे: कुठलाही बॉल, कुठलंही पॉकेट, फक्त आधी सांगायचं. पंधरापैकी चौदा गेले की शेवटचा बॉल आणि पांढरा बॉल जिथे असतील तिथे ठेवून बाकीचे चौदा परत रॅक करायचे आणि पुढे चालू. चुकेपर्यंत मोजत राहायचं. नामांकित अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये स्प्रिंगफील्ड, ओहायो इथे सलग ५२६ बॉल घातले, तो सामना स्पर्धेतला नव्हता, प्रदर्शनीय होता. जॉन श्मिटने २०१९ मध्ये ६२६ केले तेव्हा तर समोर कुणी प्रतिस्पर्धीच नव्हता. या खेळातल्या फार मोठ्या गोष्टी लीगबाहेर, स्पर्धेबाहेर घडल्यात, हे मला मोलाचं वाटतं.

माझा आजवरचा सर्वोच्च आकडा ४१. तो मी कुणाला सांगितला नव्हता, आज पहिल्यांदा लिहितोय.

---

गुणलेखिका

आमच्या टीमची गुणांची वही बहुतेक वेळा माझ्याकडे असते, त्यामुळे सुरुवातीच्या पोस्टमधल्या एका गोष्टीवर बोलायलाच हवं.

आकडा ठरतो तो मुख्यतः तुम्ही गेम किती इनिंगमध्ये जिंकता यावरून. पण इनिंग मोजताना वहीत एक वेगळा रकाना असतो: बचावाची खेळी. ज्या शॉटमध्ये पॉट करायचा हेतूच नव्हता, तो तिथे नोंदवायचा, म्हणजे सेफ्टी मारणाऱ्याची इनिंग 'चूक' म्हणून धरली जात नाही. आणि खरा प्रामाणिक लेखनिक मुद्दाम चुकवलेला शॉटही त्याच रकान्यात टाकतो. तो ओळखू येतो हो. खेळाडू नेहमी जिथे दोनदा वाकून बघतो तिथे एकदाही बघत नाही. चुकल्यावर चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. निळा_खडू, कुणाला कळलं नाही असं तुम्ही म्हणता. वही माझ्याकडे असती तर मी निशाणी केली असती, आणि तुमच्यावर राग धरून नाही.

बाकी, खुर्चीत वेळ वाया जातो हे मला पटत नाही. वही धरून बसायला लागल्यापासून माझा खेळ जितका सुधारला तितका सरावाने सुधारला नव्हता. प्रत्येक शॉटनंतर पांढरा बॉल कुठे थांबला हे बघायची सवय लागते. चांगला खेळाडू पॉट करतो तेव्हा सगळे पॉकेटकडे बघतात, तो पांढऱ्याकडे बघतो. वही हातात असेल तर तुम्हीही पांढऱ्याकडे बघायला लागता.

---

आकडेमोड

या विषयावर मानसशास्त्रात खरोखर काम झालेलं आहे, म्हणून थोडं मांडतो.

एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितलं, शेजारच्याला हरवा. काहींना सांगितलं, जमेल तितक्या लवकर सोडवा. नंतर त्यांना मोकळं सोडलं आणि कोण आपणहून कोड्याकडे परत वळतं ते पाहिलं. शेजारच्याला हरवायला सांगितलेले लोक कमी वळले. एकटा_टेबल यांचा अनुभव याच्याशी जुळतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. जॉनमार्शल रीव्ह आणि डेसी यांनी १९९६ मध्ये यातले धागे सुटे करून पाहिले. जिंकल्याने आवड वाढते असं दिसलं, कारण आपल्याला जमतंय ही जाणीव होते. आवड मारणारी गोष्ट होती ती जिंकायलाच हवं असं बाहेरून येणारं दडपण. म्हणजे समोर प्रतिस्पर्धी असणं हा प्रश्न नव्हे. खेळताना आपली खेळी आपण ठरवतोय की कुणीतरी दुसरा ठरवतोय, हा प्रश्न.

आता निळा_खडू यांची गोष्ट बघा. 'जिंक' असा दट्ट्या असता तर निदान ओळखीचा असता. त्यांना 'हळू जिंक' असा हुकूम मिळाला. त्या बॉलवर त्यांचा स्वतःचा निर्णय उरलाच नाही.

एक व्यावहारिक मुद्दा. फार्गोरेट नावाची रेटिंगची दुसरी पद्धत आहे, नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरावरून नाव पडलं. त्यात इनिंग मोजतच नाहीत, कुणाविरुद्ध किती गेम जिंकलात आणि किती हरलात एवढंच मोजतात. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरचा साधारण दोन गेम जिंकेल तेव्हा खालचा एक. तिथे रेटिंग खाली आणायचं तर खरोखर गेम हरावे लागतात, नुसतं रेंगाळून भागत नाही. जवळपास अशी लीग असेल तर जरूर बघा.

---

स्क्रूबॅक

आकडेमोड, प्रयोगांचं छान लिहिलंत. पण एक शंका. कोड्याच्या प्रयोगातली माणसं थोडा वेळ एकत्र होती. लीगमध्ये तोच प्रतिस्पर्धी वर्षातून तीनदा भेटतो. त्याचा खेळ तुम्हाला पाठ होतो, तुमचा त्याला. अशा माणसाविरुद्ध खेळताना 'हरवा' याचा अर्थच बदलतो. माझा एक जुना प्रतिस्पर्धी आजारी पडून एक हंगाम आला नाही, तर मला टेबल रिकामं वाटायचं.

---

संध्याकाळची_फेरी

मी या धाग्यात लिहावं की नाही असा विचार दोन दिवस करत होते. मी ती '२' आहे.

म्हणजे निळा_खडू यांच्या टीममधली नव्हे, पण प्रत्येक टीममध्ये असते तशी. निवृत्त झाल्यावर खेळायला शिकले. बेरीज २३ च्या वर गेली की मला फोन येतो, "आज याल का?" मला ठाऊक असतं की मला माझ्या खेळासाठी बोलावलेलं नाही, आकडा बसवायला बोलावलंय. सुरुवातीला फार लागायचं ते. एकदा घरी येऊन रडलेही आहे.

पण मग एक रात्र आली. समोर ७ चा खेळाडू. आमच्या दोघांतली शर्यत अशी की मला २ गेम हवेत, त्याला ७. लोकांना वाटतं हे सोपं असतं. सोपं कसलं! तो टेबलावर आला की माझी पाळीच येत नव्हती. ५-० झालं. सहाव्या गेमला त्याने आठचा बॉल चुकीच्या पॉकेटात घातला आणि एक गेम मला मिळाला. तो मी कमावलेला नव्हता, त्यामुळे फारसं काही वाटलं नाही. पुढचा गेम त्याचा, ६-१. त्यानंतरच्या गेममध्ये माझे तीन बॉल उरले होते, त्याचा फक्त आठ. त्याचा आठ जरासा चुकला. आमच्याकडे खालच्या आकड्याच्या खेळाडूला गेममध्ये दोनदा सल्ला घेता येतो, वरच्याला एकदाच. मी एकदा घेतला. दुसऱ्यांदा कॅप्टन उठून यायला लागला तेव्हा मी हाताने थांबवलं. मला दिसत होतं काय करायचं ते. तीन बॉल गेले, मग आठ, मधल्या पॉकेटात, अगदी हळू.

त्या ७ वाल्याने येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "हा शेवटचा गेम पूर्ण तुमचा होता." मी घरी जाऊन मध्यरात्रीपर्यंत जागी होते.

लीग नसती, आकड्यांचा हा हँडिकॅप नसता, तर असा माणूस माझ्याशी खेळलाच नसता. खेळला असता तरी मन राखायला. लीगमध्ये तो जीव तोडून खेळला, म्हणून त्या तीन बॉलांना किंमत.

निळा_खडू, तुमच्याशी एकच बोलायचं आहे. तुम्ही ३ वाल्या मैत्रिणीसाठी तो बॉल चुकवलात असं मला तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. तिला विचारलं होतंत का? मला जर कुणी सांगितलं असतं की तुम्हाला खेळता यावं म्हणून आम्ही मुद्दाम वाईट खेळलो, तर मी क्यू खाली ठेवली असती.

---

तिसरी_कुशन

संध्याकाळची_फेरी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तो हळू घातलेला आठ दिसला मला.

---

एकटा_टेबल

खरंय. त्या तीन बॉलांवर मला काही उत्तर नाही. माझ्या ४१ मध्ये असा हात कुणी हातात घेतला नाही.

तरी माझ्या लोकांसाठी एक शब्द टाकतो. ज्यांना दिवसभर माणसांतच वावरावं लागतं, त्यांच्यासाठी टेबलापाशी तासभर गप्प उभं राहणं ही गरज असते. लीग सोडली म्हणून खेळ सोडला असं नाही, आणि लीगमधल्या मित्रांनी तसं समजू नये. मला सोडताना "हार सहन होत नाही" असं ऐकवण्यात आलं होतं. ते अजून टोचतं.

---

गुणलेखिका

एकटा_टेबल, ज्यांनी तसं म्हटलं त्यांनी चूक केली. टेबलावर येणारा माणूस कुठल्या दारातून आला याने काय फरक पडतो.

---

निळा_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहिलं नाही, कारण आधी करायचं होतं ते करून आलो.

संध्याकाळची_फेरी, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, ओठावरच्या बॉलसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं तुझा हात खरंच बिघडलाय. मी तुला एक ड्रिल सांगणार होते." मला काय बोलावं सुचेना. ती पुढे म्हणाली की बसायला लागलं याचं तिला वाईट वाटलंच, पण माझा ५ झाला तेव्हा सगळ्यात आधी टाळी तिनेच वाजवली होती आणि ती टाळी मी खोटी पाडली.

हे मला आकड्यापेक्षा जास्त लागलं.

मग आम्ही दोघं मिळून कॅप्टनकडे गेलो. मी सांगितलं की यापुढे मी एकही शॉट मुद्दाम चुकवणार नाही आणि बेरीज बसत नसेल तर ज्या आठवड्यात बसत नाही त्या आठवड्यात मी बाहेर राहीन. आळीपाळीने: एक आठवडा मी, एक आठवडा ती. कॅप्टनला ते आवडलं नाही. "प्लेऑफ हातचे जातील" म्हणाला. कदाचित जातीलही. आठ जणांची टीम आहे, इतर दोघांनी आमची बाजू घेतली आणि तो तयार झाला. त्याच्याबद्दल मनात अढी ठेवायची नाही असं ठरवलंय. तोही दर आठवड्याला त्याच २३ शी झगडतो, आणि त्याला कुणी मदत करत नाही.

या आठवड्यात माझी बसायची पाळी होती. गुणलेखिका, तुमचं ऐकून वही मागून घेतली. तुम्ही म्हणता ते खरं निघालं. तिचा सामना नोंदवताना मला पहिल्यांदा दिसलं की ती जवळजवळ प्रत्येक शॉटनंतर पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर आणते. तीन वर्षं एका टीममध्ये आहोत आणि मी हे पाहिलंच नव्हतं. सामना ती हरली, शेवटच्या गेमला, आणि हसत परत आली.

लीग सोडत नाही. फार्गोरेटवाल्या लीगची चौकशीही करून ठेवतोय, पुढच्या हंगामासाठी.

आणि एकटा_टेबल, तुमच्यामुळे दुसरी एक संध्याकाळ ठरवली आहे, बिनवहीची, एकट्याची. काल पहिल्यांदा स्ट्रेट पूल खेळलो. एकदाच दुसऱ्या रॅकपर्यंत पोहोचलो, आकडा १६. रात्री क्यू पुसली आणि झोपताना रॅक डोळ्यांसमोर होता. माझा घोळ असा होतो की पंधरावा बॉल हवा तिथे राहतो, पण पांढरा नेमका कुशनला चिकटतो, मग तिथून रॅक फोडायला जोर लावता येत नाही. तुम्ही शेवटचे तीन बॉल कुठल्या क्रमाने घेता?

---

एकटा_टेबल

१६ झकास आहे!

क्रम मी शेवटून ठरवतो. रॅकमध्ये पाच-सहा बॉल उरले की आधी रॅक फोडायचा बॉल निवडायचा: रॅकच्या बाजूला, त्रिकोणाच्या रेषेपासून जरा लांब, जिथून पॉट झाल्यावर पांढरा आपोआप रॅकवर जाईल. मग त्याच्या आधीचा बॉल असा शोधायचा की तो घातल्यावर पांढऱ्याला हलावंच लागू नये, सरळ स्टन मारून जागेवर थांबेल. तुमचा स्टन पक्का आहे असं तुम्ही वर लिहिलंय, म्हणजे निम्मं काम झालंय. कुशनला चिकटतो याचा अर्थ तुम्ही चौदाव्या बॉलवर पांढऱ्याला जास्त पळवताय. शेवटून तिसरा बॉल घेतानाच शेवटून दुसऱ्यावर कोन कमी ठेवून बघा, आणि काय होतं ते इथे लिहा.